दाराला टेकून

उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर पुढे असला की स्कूटरवाल्यानं मुकाट्यानं मागे राहावं. बाजूनं निघायला रस्ता नसतो आणि हॉर्न ऐकायला ट्रॅक्टरवाल्याला सवड नसते, कारण टपावरचे त्याचे दोन स्पीकर वरातीच्या जोरानं वाजत असतात. पाचटाची कुसळं तोंडावर उडतात. ट्रॉलीच्या मागच्या फळीवर 'आईची कृपा' लिहिलेलं असतं आणि ती कृपा माणसाच्या चालीनं पुढे सरकत असते. गेल्या मंगळवारी गगनबावडा रस्त्यावर मी अशा चार कृपांच्या मागे पाऊण तास अडकले. आम्ही जैन. दिवस मावळायच्या आत जेवायचं ही घरची रीत. उसाच्या गाड्यांनी मला जितके उपास घडवले तितके पर्युषणातही घडले नसतील.

दिवाळी सरली, बॉयलर पेटले, हंगाम आला. आमच्याकडे नुसतं हंगाम म्हटलं तरी तो उसाचाच असतो. सकाळी थंडी, दुपारी चटका, आणि गाव सोडून दोन-तीन मैल गेलं की रस्त्याकडेच्या गुऱ्हाळांचा वास. रस उकळून उकळून गुळाकडे झुकतो तेव्हाचा, करपायच्या अलीकडचा, गोड वास. त्या वासानं लोकांना सुट्ट्या आठवतात, मामाचं गाव आठवतं, गरम काकवीत बुडवलेली भाकरी आठवते. मला कडी आठवते. दाराच्या बाहेरच्या बाजूची.

पण आधी माझ्या कामाचं सांगायला हवं, नाहीतर ही बाई एवढ्या उन्हातान्हात त्या रस्त्यानं जाते तरी कशाला, असं वाटेल. संस्थेच्या कागदावर माझं पद 'कुटुंब सोबती' असं आहे. ज्या घरात मनाचा मोठा आजार शिरलाय त्या घरी जायचं आणि घरच्यांजवळ बसायचं. मी डॉक्टर नाही, नर्स नाही, समुपदेशकही नाही. माझी लायकी एकच, की हे सगळं माझ्या घरात होऊन गेलंय. म्हणजे माझ्या आयुष्यातली सगळ्यांत वाईट वर्षं हीच माझी डिग्री. नोकरी माणूस सोडू शकतो, पण अशी डिग्री सोडता येत नाही. कुठंही गेलं तरी ती आपल्या आधी पोचून बसलेली असते.

या कामाचा नियम सोपा आहे. सल्ला द्यायचा नाही, आपली गोष्ट सांगायची. आमच्या मॅडम पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, "तुमची गोष्ट हेच तुमचं अवजार. जपून वापरा." मी ते फारच जपून वापरलं. घासून पुसून त्याचा गंज काढला आणि गंजाबरोबर धारही काढून टाकली.

माझी गोष्ट सात मिनिटांची होती. माझा मुलगा प्रसाद इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना त्याला आवाज ऐकू यायला लागले. शेजारचा टीव्ही आपल्याबद्दलच बोलतो असं तो म्हणायचा. झोप गेली, कॉलेज सुटलं. ऐन हंगामात एका सकाळी अनवाणी घरातून निघाला, मिळेल त्या एसटीत बसला, आणि दुपारी त्याच्या खिशातल्या कॉलेजच्या कार्डावरचा नंबर बघून गाडीच्या कंडक्टरचा फोन आला, "बाई, तुमचा पोरगा गगनबावड्याच्या ष्ट्यांडवर बसलाय बगा. पायात काय न्हाय, त्वांडानं काय बोलंना झालाय." आम्ही दोघं गेलो तेव्हा घाटमाथ्यावर धुकं उतरलेलं, आणि त्या धुक्यात बाकड्यावर माझा लेक, हात मांडीखाली घालून. मग डॉक्टर, मग गोळ्या. नृसिंहवाडीच्या अकरा पौर्णिमाही केल्या. जैनाच्या बाईनं दत्ताच्या पौर्णिमा करायच्या का, असं तेव्हा कुणी विचारलं नाही. पोराच्या काळजीत सगळे देव आपलेच होतात. आणि आता प्रसाद कोल्हापुरात आमच्या मंगळवार पेठेतल्याच एका बाइंडिंगच्या दुकानात कामाला जातो, डबा विसरला तर परत येऊन घेऊन जातो. संपली गोष्ट.

कुठं थांबायचं ते मला पाठ झालं होतं. धुकं आलं की बायका पदर डोळ्यांना लावतात. डबा आला की हसतात. धुकं आणि डबा यांच्यामधले चार महिने त्या गोष्टीत नव्हते.

दोन वर्षांपूर्वीच्या हंगामात मी आक्काताईंच्या घरी पहिल्यांदा गेले. त्यांच्या गावच्या आशाताईनं संस्थेला कळवलं होतं, की गुऱ्हाळवाल्यांच्या दिगूचं काहीतरी बिनसलंय, दिवाळीपासून तो कुणाला दिसलेला नाही आणि घरचे विषय टाळतात. मी पोचले तेव्हा गुऱ्हाळ जोरात चाललेलं. घाण्याचा धडधडाट, चुलीत चिपाडं जळताहेत, आणि त्या भल्यामोठ्या काहिलीवर वाकलेले दिगूचे वडील, बापू, घामानं निथळत.

"कोन पावणं? गूळ पायजे आसंल तर सांजला या. आता उतरायची घाई हाय."

मी कोण ते ओरडूनच सांगितलं.

"सोबती म्हंजे? औषद देतासा?"

"नाही."

"मग मंतर-बिंतर?"

"नाही हो."

"मग काय करतासा वं?"

"बसते," मी म्हटलं.

बापूंनी झाऱ्यानं फेस बाजूला सारत एकदा माझ्याकडे बघितलं. "बसा की मग. बसायला कोन नगं म्हनतंय. ती हाय बगा आत, सोप्यात."

सोप्यात आक्काताई पोत्यावर बसल्या होत्या. माझ्याच वयाच्या, पन्नाशीच्या आसपास, कपाळावर ठसठशीत कुंकू, हातात निवडायला घेतलेली तूर. उजव्या हाताला एक खोली होती आणि तिच्या बंद दाराला त्या पाठ लावून बसल्या होत्या. दिगू मामाच्या गावाला गेलाय म्हणाल्या. मी माझी सात मिनिटं सांगितली. धुक्यापाशी त्यांनी पदर लावला. डब्यापाशी मात्र हसल्या नाहीत. तूर निवडता निवडता, मान वर न करता त्यांनी विचारलं,

"आन त्यो परत कुटं जाऊ नये म्हनून काय केलासा? कोंडलं बिंडलं न्हाईसा?"

बाई सांगायच्या बेतात होती. आज मला ते लख्ख दिसतं. हा प्रश्न नव्हताच, दार किलकिलं करून बघणं होतं. आणि मी काय म्हणाले?

"छे हो. पोटच्या पोराला कसं कोंडायचं?"

वर गोड हसले. आक्काताई पोत्यावरच दोन बोटं मागे सरकल्या, पाठ दाराला आणखी घट्ट लागली. "व्हय. खरं हाय," एवढंच त्या म्हणाल्या आणि मला वाटीभर काकवी द्यायला त्यांनी बापूंना हाक मारली.

त्या दिवसानंतर त्यांच्या बोलण्यात दिगू कायमचा मामाच्या गावाला गेला.

दुसऱ्या खेपेला स्वयंपाकघरात मांजर दुधाच्या पातेल्यापाशी गेलं. समोर दिसत होतं. आक्काताईंनी बसल्या जागेवरून "हाड, हाड" केलं, तुरीचे चार दाणे फेकून मारले, पण उठल्या नाहीत. शेवटी मीच उठून मांजर हाकललं. परत येऊन बसले आणि त्यांच्याकडे बघितलं. अशी बसणारी बाई मी ओळखत होते. ती बाई शेंगा सोलायची. कुणी आलं की म्हणायची, प्रसाद पुण्याला मावशीकडे गेलाय. आणि दारावरची बेल वाजली तरी ती पहिल्यांदा मागचं दार पाठीनं चाचपायची, मग उठायची.

कडी मी स्वतः विकत आणली होती. गगनबावड्याहून प्रसादला आणल्याच्या दुसऱ्या दिवशी. पेठेतल्या हार्डवेअरवाल्यानं विचारलं, "कुठल्या दाराला, वहिनी?" मी म्हणाले, बाथरूमच्या. त्या गोष्टीतलं पहिलं खोटं ते. आमच्या ह्यांनी ती प्रसादच्या खोलीला बाहेरून बसवली, चार स्क्रू आवळले आणि त्यानंतर त्या कडीला कधी हात लावला नाही. लावायची मीच. पहिल्यांदा दूध आणण्यापुरती, दहा मिनिटं. मग सकाळी बस्तीत, आमच्या जैन देवळात, दर्शनाला जाण्यापुरती. देवासमोर उभी राहून मी मनात कडी लावली का नाही ते आठवत असायचे. मग भाजीला, मग बँकेत. एकदा तर एका लग्नाला गेले, अक्षता टाकल्या, पंगतीत बसून जेवले आणि दोन तासांनी येऊन कडी काढली. घरात असले तरी कडी लावून दाराला टेकून बसायचे, न जाणो, कडीवर तरी भरवसा काय.

पहिले काही दिवस प्रसाद मुठीनं दार वाजवायचा. मग बोटाच्या पेरानं, टक टक, टक. त्याला काही पाहिजे असायचं असं नव्हतं. मी आहे का, एवढंच बघायचा बहुतेक. मी आवाज द्यायचे नाही. आवाज दिला की तो बोलायला लागेल, बोलायला लागला की "उघड" म्हणेल, असं वाटायचं. आणि एक दिवस टकटक थांबली. त्या दिवशी मला हायसं वाटलं. पोरगं शांत झालं, गोळ्या लागू पडल्या असं मी ह्यांना सांगितलं. माझ्याच मुलानं माझ्यापाशी मागणं सोडलं आणि मला हायसं वाटलं, ही गोष्ट मी पुढे कितीतरी वर्षं कुणापुढे काढली नाही.

होळीच्या सुमाराला तो खरंच बरा दिसायला लागला आणि मी कडी लावायची बंद केली. कुणी काही बोललं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर त्याच्या दारात निळी रबरी चप्पल, उंबऱ्यावर आडवी घातलेली, दार पूर्ण मिटू नये अशी. तेव्हापासून ती तिथंच आहे. झिजली की तो नवी घेतो आणि जुनी दारात घालतो. मी केर काढताना तिच्या भोवतीनं काढते. पाहुणे आले तर म्हणतात, अहो इथं चप्पल पडलीय. मी म्हणते, असू दे.

तर हे सगळं माहीत असलेली बाई मी. आणि तरी मी तिसऱ्या खेपेला गेले, चौथ्या खेपेला गेले, आणि आक्काताईंची पाठ आणि तिच्यामागचं दार बघून, इकडचं तिकडचं बोलून परत आले. दार उघडा म्हणायचं तर आधी माझं दार उघडावं लागणार होतं. माझी अब्रू जपण्यात दिगूचे आठवडे चालले होते, हे मला कळत होतं. येताना उसाच्या ट्रॉल्यांमागे अडकले की मी स्वतःला सांगायचे, पुढच्या मंगळवारी नक्की. पुढे हलता येत नाही अशा जागी माणूस फार पक्के निश्चय करतो.

पाचव्या खेपेला गुऱ्हाळ बंद होतं. घाण्याचा पट्टा तुटलेला, बापू तो आणायला कोल्हापूरला गेलेले. इतके दिवस त्या घरात एकमेकींशी ओरडून बोलावं लागायचं. त्या दिवशी इतकं शांत होतं की चिपाडांच्या ढिगावर चिमण्या उतरलेल्या ऐकू येत होत्या. आणि मग आक्काताईंच्या पाठीमागून आवाज आला. टक टक. टक.

आक्काताई एकदम मोठ्यानं बोलायला लागल्या. "औंदा थंडी लई हाय न्हवं, ताई? लई म्हंजे लईच. काल तर पान्याला हात लावू वाटंना…"

"आक्काताई," मी म्हटलं, "मी तुम्हाला खोटं सांगितलं."

त्या थांबल्या.

"मी प्रसादला कोंडलं होतं. चार महिने. अशीच दाराला टेकून बसायचे."

मला वाटलं होतं बाई रडेल, आपण तिचा हात धरू, एकमेकींच्या गळ्यात पडू. संस्थेच्या बैठकांमध्ये असं होतं. आक्काताईंनी तुरीचं सूप बाजूला ठेवलं आणि माझ्याकडे असं बघितलं की मला तिथनं उठून पळावंसं वाटलं.

"आन हे आज सांगतासा?"

"हो."

"त्या दिशी माज्या त्वांडात आलतं. हितं, हितपत्तूर आलतं." त्यांनी गळ्याला हात लावला. "तुमी म्हनलासा, पोटच्या पोराला कसं कोंडायचं. मी मनात म्हनलं, ही देवावानी बाई, आन आपुन राक्षीन. तुमच्या त्वांडाकडं बगून गप बसले मी. पाच आठवडं झालं, ताई. पाच आठवडं त्यो आत हाय आन तुमी हितं बसून काकवी खातासा."

खरं होतं. काकवीसुद्धा खरी होती.

मग त्या पोत्यावरून सरकल्या. उठल्या नाहीत, नुसत्या बाजूला झाल्या. पाठीमागे कडी होती, कडीत कुलूप नव्हतं, नुसती काटकी अडकवलेली. "तुमीच काडा. माज्यानं न्हाय हुनार."

मी काटकी काढली. अशा कड्या सरळ निघत नाहीत, आधी जरा वर उचलावं लागतं आणि मग ओढावं लागतं. माझ्या हाताला ते पाठ होतं. हात चुकला असता तर बरं वाटलं असतं.

आत दिगू खाटेवर बसला होता. चोवीस-पंचवीसचा पोरगा, आईनं न्हाऊ-माखू घालून भांग पाडलेला, अंगात इस्त्रीचा शर्ट. खिडकीला गज आणि गजांपलीकडे तोडून नेलेल्या उसाचं बोडकं रान. दत्ताच्या नवसाचा म्हणून दिगंबर नाव ठेवलेलं हे पोर मला बघून उठलं नाही, आईला बघूनही उठलं नाही. उघड्या दाराकडे बघत म्हणालं,

"दार लावा की. धूर येतोय."

गुऱ्हाळ बंद होतं. धूर कुठंच नव्हता.

त्या रात्रीपर्यंतसुद्धा तो बाहेर आला नाही, असं आक्काताईंनी पुढे सांगितलं. दार सताड उघडं आणि हा खाटेवर. आणि कोल्हापूरहून परतलेले बापू संतापलेले. पुढच्या मंगळवारी त्यांनी मला गुऱ्हाळाच्या दारातच गाठलं.

"उगडं ठिवायला सांगतासा व्हय? भाईर काहील उकळतीया. शंभर पावलांवर हिर हाय. गेलतो की एकदा त्येला हुडकत, पार नदीपत्तूर. पुन्यांदा गेला तर तुमी येनार काय हुडकायला?"

"येईन," मी म्हटलं.

"कोल्हापुरातनं? ह्या ट्रॉल्यांतनं?"

त्यांची भीती खोटी नव्हती, माझीही खोटी नव्हती. कडी कुणी दुष्टपणानं लावत नाही, ही या कामातली सगळ्यांत अवघड गोष्ट. दुष्ट माणसाला निदान रागवता तरी येतं. मी बापूंना एवढंच म्हणाले, की मी कडी लावली तेव्हा मला कुणीच विचारलं नाही की बाई, तू घाबरलीस का. तुम्ही घाबरलायसा का? बापूंनी पंच्यानं तोंड पुसलं, बराच वेळ पुसलं. "तर काय," ते म्हणाले. "झोप न्हाय मला दिवाळीपास्नं."

त्यानंतरचं काम भराभर झालं असं नाही. तालुक्याच्या डॉक्टरांकडे न्यायला तीन खेपा वाया गेल्या, दिगू गाडीत बसेना. शेवटी बापू म्हणाले, वाडीला जायाचं, दत्ताच्या पाया पडाया, आणि वाडीला खरंच नेलं, कवठाच्या बर्फीसकट, आणि येताना डॉक्टरांच्या दारात गाडी उभी केली. दत्तानं हरकत घेतली नाही. गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टर म्हणाले, तूर्त त्या दाराला कडीच नको, बाहेरूनही नको आणि आतूनही नको. बापूंनी विहिरीला जाळी मारली आणि गुऱ्हाळावरच्या गड्यांना आळीपाळीनं पोरावर डोळा ठेवायला सांगितलं. आक्काताई पहिल्यासारख्याच दारात बसायच्या, फक्त आता तोंड खोलीकडे करून. दिगू आधी उंबऱ्यापर्यंत आला. तिथं आठ दिवस थांबला. मग चिपाडांच्या ढिगापर्यंत.

होळीच्या आधी दोन दिवस मी गेले तेव्हा बापू स्क्रू-ड्रायव्हर घेऊन त्याच्या दारापाशी बसलेले. डॉक्टरांना विचारून त्यांनी तेव्हा काढून ठेवलेली तीच कडी आता आतल्या बाजूला लावली होती. "कडी त्येची हाय आता," ते म्हणाले. "त्येला वाटलं तर लावंल."

दिगूला वाटलं. त्यानं दार मिटलं, कडी लावली. काढली. दार उघडून आमच्याकडे बघितलं. परत मिटलं, परत लावली. सगळी दुपार त्या घरात तोच आवाज, खट, आणि थोड्या वेळानं खट. कडी लागली की आक्काताईंचा हात तुरीत तसाच थांबायचा. निघाली की पुन्हा चालायचा. किती वेळा झालं कुणास ठाऊक. एकदा फार वेळ लागली तेव्हा त्या माझ्याकडे वळून हलक्या आवाजात म्हणाल्या,

"आता मीच भाईर कोंडली गेले न्हवं का वं, ताई?"

आणि हसल्या. डब्याच्या गोष्टीला न हसलेली बाई त्या वाक्याला हसली. मीही हसले, पण ते वाक्य स्कूटरवर माझ्या मागे बसून मंगळवार पेठेपर्यंत आलं.

गेल्या मंगळवारी चार ट्रॉल्यांचा पल्ला पार करून पोचले तेव्हा दिगू गुळाच्या साच्यांत ओलं कापड अंथरत होता. बरा आहे म्हणावं असा नाही आणि नाही म्हणावं असाही नाही. काही दिवस कडी लावून आतच राहतो. आक्काताई मला आता मान देत नाहीत, चहा देतात. आणि माझी गोष्ट सात मिनिटांत संपत नाही. कडी, हार्डवेअरचं दुकान, लग्नातली पंगत, सगळं सांगते. काही बायका ऐकून तोंड फिरवतात. काही दोन बोटं पुढे सरकतात. गोष्ट खरी केली म्हणून मी सुटले असं मात्र नाही. दर मंगळवारी नव्या घरात, नव्या बाईसमोर मला पुन्हा त्या चार महिन्यांत जाऊन बसावं लागतं आणि तिथून येताना वाटेत ट्रॉल्या असतात.

पण एक गोष्ट मी कुठल्याच घरी सांगत नाही. ती होळीच्या आधीच्या त्याच आठवड्यातली आहे. दिगूची कडी आत लागल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी ह्यांच्या खोक्यातला स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि प्रसादच्या दाराशी जाऊन बसले. इतकी वर्षं ती कडी तशीच होती, बाहेरून, वापरात नसलेली, दाराबरोबरच नव्या रंगात रंगवली गेलेली. परक्या बाईपुढे मी सगळं कबूल केलं होतं आणि ज्याच्यापुढे करायला हवं होतं तो रोज माझ्या हातचं जेवून कामाला जात होता. दुकानाला सुट्टी म्हणून प्रसाद त्या वेळी घरीच जेवत होता, खोलीच्या आत, ताट खाटेवर घेऊन. दारात चप्पल होती. तीन स्क्रू निघाले, चौथा गंजलेला, फिरेना.

"प्रसाद," मी त्याच्याकडे न बघता म्हटलं, "ही कडी मी बाथरूमला म्हणून आणली होती."

"माहीत आहे की."

"तू वाजवायचास ते मला ऐकू यायचं. मी मुद्दाम बोलायचे नाही."

तो जेवत राहिला. चौथा स्क्रू हलला.

"मग तू वाजवायचा थांबलास. मला वाटलं, तुला बरं वाटायला लागलं."

कडी माझ्या हातात आली. दारावर चार भोकं राहिली. त्यानं भाताचा शेवटचा घास खाल्ला, बोटं निपटली.

"तसं नव्हतं गं," तो म्हणाला. "तू दाराला टेकून बसायचीस ना. वाजवलं की तुझ्या पाठीला लागायचं."

मग तो उठला, चप्पल ओलांडून, माझ्या बाजूनं ताट घेऊन मोरीकडे गेला. मी तिथंच उघड्या दारात बसून राहिले. टेकायला मागे काही नव्हतं.